बदकांची न्याहारी

माझ्या सासूबाईंना कुणी उपाशी असलेलं बघवत नाही. लोक हे कौतुकानं सांगतात. मी त्यांच्या या गुणाशी वर्षभर भांडलेली आहे, त्यामुळे माझ्या तोंडून तेवढं कौतुक येणार नाही.

आमचं गाव म्हसळ्यापासून आत, डोंगराच्या पायथ्याला, भाताच्या खाचरांमध्ये आहे. सासूबाई तिथं एकट्या राहतात. मी आणि नवरा म्हसळ्यात भाड्याच्या दोन खोल्यांत. तो कचेरीत जातो, मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. रविवार आणि सुट्ट्या गावी. माझं माहेर दिवेआगरचं, नारळी-सुपारीच्या वाडीतलं. गुरांशी माझा संबंध लग्नानंतर आला, आणि तोही बरेच दिवस नाकाला पदर लावूनच.

सासरे गेले तेव्हा गोठ्यात जोडीतला उरलेला एक बैल, एक म्हैस आणि एक तरणी गाय होती. पुढच्या हिवाळ्यात बैल गेला, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात म्हैस. दोघांची तऱ्हा एकच. आधी खाणं कमी झालं, मग शेण पातळ, मग अंगावरचं मांस उतरत गेलं, आणि शेवटी जबड्याखाली पाण्यानं भरलेली पिशवी लोंबायला लागली. ती हाताला मळलेल्या कणकेसारखी लागायची. बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. गावात कुणी नजर लागली म्हणालं, कुणी म्हातारपण म्हणालं. म्हैस काही म्हातारी नव्हती.

म्हशीच्या वेळी पनवेलहून मोठे दीर आले. पडवीत बसून त्यांनी आईला सरळ सांगितलं, "आता राहिली एकटी गाय. तिच्यामागे तू इथं एकटी. ही पण गेली तर गोठा बंद करायचा, घराला कुलूप लावायचं आणि तू माझ्याकडे यायचं. मला रात्री झोप लागत नाही गं."

सासूबाईंनी एकदा गोठ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "गाय हाय तवर मी हिथं हाय. गाय गेली का मंग तू म्हनशील तसं."

झालं, मायलेकांचं ठरून गेलं. सासूबाई शब्द देतात तेव्हा तो मागे घेत नाहीत, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि म्हणून त्या दिवसापासून गावी गेले की मी आधी गोठ्यात डोकावायची.

दीर वाईट नाहीत हो. आईसाठी त्यांनी पनवेलच्या घरात वेगळी खोली रंगवून ठेवली आहे, खिडकीत तुळससुद्धा आहे. सासरे गेल्यावर सासूबाई तिथं एक पावसाळा राहिल्या होत्या. सकाळी अंघोळ करून सोफ्यावर बसायच्या आणि विचारायच्या, मी काय करू? सगळे प्रेमानं म्हणायचे, काही करू नका, आराम करा. त्या परत आल्या तेव्हा मी त्यांना एसटी स्टँडवर उतरवून घ्यायला गेले होते. आधी ओळखलंच नाही, इतक्या खंगल्या होत्या. म्हसळ्याला आमच्याकडे या, असं मीही म्हणून पाहिलं. त्यावर त्या म्हणाल्या, "पनवेल काय नि म्हसळा काय. हात बांधून बसायचं ते बसायचंच."

म्हैस गेल्यावर तालुक्याचे गुरांचे डॉक्टर आले. त्यांनी पोट फाडून काळीज, म्हणजे यकृत, बाहेर काढलं, त्यातली एक नळी कापली आणि आतून चपट्या पानासारखे कृमी बोटानं दाबून काढले. मी शाळेत हे चित्र फळ्यावर काढते, मुलांकडून पाठ करून घेते. आमच्याच म्हशीच्या काळजात ते पाहिलं तेव्हा मी दोन पावलं मागे सरले. आजारी गुराच्या शेणातून या कृमीची अंडी तळ्याच्या पाण्यात पडतात, त्यातून निघालेले जीव गोगलगायीच्या पोटात शिरतात, तिथं वाढून बाहेर पडतात आणि काठच्या गवताला चिकटून बसतात. गुरं ते गवत खातात. आमच्या देवळाखालच्या तळ्यावर सगळ्या गावाची गुरं पाण्याला जातात, आणि काठचं गवत उन्हाळ्यातही हिरवंगार असतं.

डॉक्टर म्हणाले, औषध पाजतो, आतले कृमी मरतील, पण ती पुन्हा तळ्यावर गेली की नवे घेऊन येईल. घरी पाणी पाजा म्हणावं तर नळाला पाणी दिवसाआड. मोरचूद टाकून गोगलगायी मारता येतात, पण त्यानं मासेही मरतात, आणि उन्हाळ्यात तळं आटलं की अख्खं गाव मिळून त्यात मासे पकडतं. ते कुणी मान्य केलं नसतं. निघताना गाडीला किक मारता मारता ते म्हणाले, "बदकं सोडून बघा. गोगलगायी खातात. सकाळी उपाशी सोडायची, संध्याकाळी घरी यायला मूठभर दाणे दाखवायचे. बस."

मला ही गोष्ट फार आवडली. विष नाही, खर्च नाही, एका जिवानं दुसऱ्याला आवरायचं. विज्ञानाच्या बाईला आणखी काय हवं असतं?

तळं देवीचं, त्यामुळे आधी गावकी बसली. गावकीनं सांगितलं, देवीला विचारा. गुरवानं मूर्तीला ओल्या कळ्या लावल्या, सगळे हात जोडून उभे राहिले आणि सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. कळी उजवीकडची पडली. उजवा कौल, म्हणजे देवीचा होकार झाला. मी मनातल्या मनात हसले, पण सुटकेचा श्वासही सोडला, हे कबूल करते.

बदकं मी रेवदंड्याच्या बाजूनं आणली, माझ्याबरोबरच्या एका शिक्षिकेच्या ओळखीतून. टोपल्यांवर जाळी बांधून टेम्पोत घातली तर वाटभर त्यांचा असा गलका की टेम्पोवाला म्हणाला, "बाई, वऱ्हाड परवडलं." गोठ्याशेजारी खुराडं केलं. सकाळी सासूबाई हातात काठी घेऊन त्यांना तळ्यावर हाकलत न्यायच्या आणि तिन्हीसांजेला आणायच्या. बदकंही अशी शिस्तीची की ओळ मोडायची नाहीत. गावातल्या बायका वाटेवर उभ्या राहून बघायच्या. "काय गो, मंडळी चालली का शाळंला?" सासूबाई गालात हसायच्या. सासरे गेल्यानंतर त्यांना तशा हसताना मी पाहिलं नव्हतं.

आणि उपाय लागू पडला. पावसाळा सरल्यावर, दसऱ्याला सोडलेली बदकं. थंडी सरेपर्यंत काठचे दगड स्वच्छ झाले. आधी एखादा दगड उलटला तर खाली गोगलगायींची रांग दिसायची, आता शोधावी लागायची. गायीला एकदा औषध पाजलं होतं, तिच्या अंगावर तकाकी आली, आणि मार्गशीर्षातच ती गाभण राहिली. मी डॉक्टरांना फोन करून सांगितलं. दिरांना मुद्दाम सांगितलं. वर्गात मुलांना तर इतक्या वेळा सांगितलं की मी "बदक" म्हटलं की मागच्या बाकावर खुसखुस व्हायची.

पुढे काय बिघडत होतं ते मला कळलं नाही, कारण मी रविवारी जायची आणि बदकं सकाळी तळ्यावर जायची ती वेळ माझ्या पहिल्या एसटीच्या आधीची होती.

शिमग्याला मुंबईचे चाकरमानी आले तेव्हा पहिली शंका आली. पालखीच्या दिवशी पोराबाळांना घेऊन सगळे तळ्याच्या पायऱ्यांवर, आणि बदकांना पाव, चिवडा, कुरमुरे चाललेले. बदकं पायरीपाशी तोंड वर करून ताटकळत होती. चिखलात एकही नव्हतं. मी म्हटलं, सण आहे, चार दिवस जाऊ देत.

मे महिन्याच्या सुट्टीत मी गावी राहायला गेले. पहिल्याच सकाळी मागच्या दारी आले तर सासूबाई खुराड्यापाशी बसलेल्या, पुढ्यात परात, परातीत शिळा भात, आणि त्यात वीसेक चोची.

"आई, हे काय?"

"न्ह्यारी," त्या म्हणाल्या.

"रोज घालता?"

"रोज म्हंजी? आल्यापासनं. आदी मूठभर घालत व्हते, आता परातभर लागतंय."

डॉक्टर काय म्हणाले होते त्याची मी त्यांना आठवण करून दिली. त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू मी पाहुण्याला ताटावरून उठवायला सांगते आहे. "डॉक्टराला काय जातंय बोलायला. बाय, लावनीला बाया आल्या तर आधी भाकर नि मंग आवनाच्या चिखलात पाय. बैलाच्या मानंवर जू ठेवायच्या आधी वैरन. माज्या सासूनं ह्या घरात आल्या आल्या मला हे शिकिवलं. ही दिवसभर माज्या गोठ्यासाठी राबतात, आनि मी त्यांना उपाशी धाडू? माज्यानं न्हाय व्हनार."

या घरात राबणाऱ्याला आधी घास, हे मी लग्नानंतर पुष्कळ पाहिलं होतं. रंगारी आला तरी आधी चहा-भाकरी. मला ते आवडायचंही. पण त्या सकाळी माझं डोकं फिरलं. राग आला की मला मधे थांबता येत नाही.

"आई, ती तळ्यावर कामाला जात नाहीत. जेवायला जातात. गोगलगायी हेच त्यांचं जेवण आहे. तुम्ही पोट भरून पाठवता, मग ती चिखल कशाला उकरतील? तुमच्या या परातीपायी गाय हातची जाईल."

त्यांनी परात उचलली. बदकं तिच्यामागे धावायला लागली. त्यांनी ती विसळून पालथी घातली. मग पदराला हात पुसत म्हणाल्या, "मंग मीच केलं व्हय हे?"

आम्ही दोघी तळ्यावर गेलो. मी एक दगड उलटला. खाली गोगलगायी होत्या, आणि त्यांच्या अंड्यांचे बुळबुळीत पट्टे. सासूबाईंनी वाकून ते नखानं खरवडले, एका दगडावरचे, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. मी त्यांना हाताला धरून उठवलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बदकं उपाशी सोडली. ती त्यांच्या पायांत घोटाळायची, पदराला चोची मारायची, आणि सासूबाई तोंड फिरवून चालत राहायच्या. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. त्या दिवशी दुपारी त्या स्वतःही जेवल्या नाहीत. मी आग्रह केला तर म्हणाल्या, भूक नाही.

हे एवढ्यावर निभावलं असतं. पण सासूबाईंचं बघून गावानं केव्हाच सुरुवात केली होती. कौल झालेली बदकं, म्हणजे देवीची बदकं. त्यांना घातलं की देवीला पोचतं. आधी कुणीतरी नारळाची वाटी फोडून खोबरं घातलं, मग लाह्या, मग नवस सुरू झाले. पोराला नोकरी लागली तर बदकांना शेरभर तांदूळ. सून बाळंत झाली तर गोड भात. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, तशी माझी गत झाली.

सासूबाई घरोघर गेल्या. त्या कुणाकडे कधी काही मागायला गेलेल्या बाई नाहीत. शेजारच्या काकूंनी त्यांना बसायला पाट दिला, चहा दिला आणि मग म्हणाल्या, "वयनी, माज्या पोरीचं तीन वर्सं जमत नव्हतं. बदकांना तांदूळ बोलले आनि जमलं. आता फेडू नको?" सासूबाई चहा संपवून उठल्या. दुसऱ्या घरात जरा जास्तच ऐकावं लागलं. "तुम्ही घातलंत ते पुन्य, नि आम्ही घातलं ते पाप व्हय?"

मी गावकीपुढे उभी राहून सगळं समजावून सांगितलं. शेण, अंडी, गोगलगाय, गवत, काळीज. हातवारे करून सांगितलं, जशी वर्गात सांगते तशी. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांतल्या निम्म्यांच्या गोठ्यात गुरंच उरलेली नाहीत, पोरं मुंबईला नाहीतर कारखान्यात. त्यांना या रोगाचं काय? शेवटी एक वयस्कर काका म्हणाले, "बाई, तुमचं खरं असंल. पन देवीच्या तोंडचा घास काढा, असं आमी कसं सांगायचं? सांजच्याला घालत जावा, सकाळी नको, असं सांगू." ठराव झाला. आठ दिवस पाळला, मग ज्याला जेव्हा वेळ मिळेल तेव्हा. बदकांना पुन्हा बांधून दुसरीकडे न्यावं म्हटलं तर तेही बंद. देवीची वस्तू देवीच्या दारातून न्यायची नाही. मला सगळ्या गावाचा संताप आला होता. संताप येऊन उपयोग काय, त्यांतली निम्मी माणसं सासरे गेले तेव्हा तेरा दिवस आमच्या घरी राबलेली होती.

पावसाळाभर सासूबाई सकाळी डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन तळ्याच्या पायरीवर उभ्या राहायच्या. कुणी पिशवी घेऊन आलं की हात जोडायच्या. "संध्याकाळला या वो." काही जण परत जायचे. काही जण त्यांच्या बाजूनं हात लांबवून टाकायचेच. ज्या बाईनं जन्मात कुणाला उपाशी जाऊ दिलं नाही ती सकाळ-सकाळी बदकांच्या तोंडचं काढायला उभी राहते, यावरून मागे बोलणंही झालं. ते त्यांच्या कानावर आलं. मला त्यांनी सांगितलं नाही, नवऱ्याला सांगितलं.

भाद्रपद सरताना गाय व्याली. कालवड झाली, तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका. घरात खरवस झाला, पण थोडाच. दूध लागलंच नव्हतं धड. नवरात्रात मी गेले तेव्हा गाय गव्हाणीत तोंड घालून नुसती उभी होती. मी तिच्या जबड्याखाली हात घातला. बोट दाबलं. खळगा तसाच राहिला.

डॉक्टर येऊन औषध पाजून गेले. म्हणाले, वेळेवर लक्षात आलंय, या खेपेला निभावेल बहुतेक. सूज उतरायला वेळ लागेल. "पण तळ्याचं काय?" त्यांनी विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "बगू." त्या रात्री त्या गोठ्यातच गोणपाट टाकून झोपल्या.

दिवाळीला मोठे दीर सहकुटुंब आले. पाडव्याला आमच्याकडे गुरांना ओवाळतात. पहाटे उठून पाहिलं तर सासूबाईंनी गायीला न्हाऊ घालून, शिंगांना गेरू लावून, गळ्यात झेंडूची माळ घातली होती. माळ दरवर्षी असते, पण ही चांगली मनगटाएवढी जाड, आणि गळ्यात सैल सोडण्याऐवजी वर ओढून पार जबड्याला लावून बांधलेली. सूज कुठं दिसत नव्हती. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. ज्यांनी कधी दुधात पाणी घातलं नाही त्या माझ्या सासूबाई.

दीर गोठ्यात आले. पायातल्या चपला त्यांनी बाहेर काढल्या. याच गोठ्यात वाढलेला माणूस. शाळेत जायच्या आधी शेण काढायचे असं तेच सांगतात. गायीच्या पाठीवरून हात फिरवला, मानेवरून खाली आणला आणि सवयीनं माळेच्या आत घातला. हात तिथं थांबला. सासूबाई ताट घेऊन तशाच उभ्या.

"दूध किती देते?" त्यांनी विचारलं.

"वासरापुरतं," सासूबाई म्हणाल्या.

दिरांनी हात बाहेर काढला. माळेची गाठ थोडी सुटली होती ती त्यांनी नीट आवळून बांधली, आणि म्हणाले, "आई, यंदा थंडीत तू..." पुढचं वाक्य मला पाठ होतं. पण ते थांबले, आईच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, "यंदा थंडीत तुला जाड ब्लँकेट पाठवतो. गोठ्यात झोपतेस म्हणे."

भाऊबीज झाल्यावर गाडी गेली. मला हायसं वाटलं होतं, हे का लपवू? मी मागच्या दारी गेले तर सासूबाई गायीच्या गळ्यातली सुकलेली माळ सोडवत होत्या.

"कळलं त्याला," त्या म्हणाल्या.

"हो आई. पण बोलले नाहीत ना. राहिलात की तुम्ही."

त्यांनी माळ उकिरड्यावर टाकली, कालवडीच्या गळ्यात दावं अडकवलं आणि गव्हाणीच्या कडेला बसल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांनी पुसलंही नाही.

"बोलला असता तर मी भांडले असते गो. म्हनले असते, गाय अजून उभी हाय. पर त्याला समदं कळलं नि त्यानं माजं झाकलं," त्या म्हणाल्या. "आता ही गेली, का कालवड हाय म्हनून सुदिक त्याला न्हाय म्हनायला मला तोंड न्हाय."